न वाजलेली शिट्टी

३ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहावं लागतंय, कारण आमच्या घरात एक लबाडी सुरू झाली आहे आणि तिचा निम्मा भार माझ्यावर आहे. कुणाला सांगायची सोय नाही. लेकीला तर नाहीच. म्हणून वही.

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं: ह्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मधलं गेलं आहे, कडेचं राहिलं आहे. म्हणजे दार दिसतं, दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. ताट दिसतं, ताटात काय वाढलंय ते नाही. चालताना हे कशाला धडकत नाहीत, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. मला स्वतःला चार महिने आला नव्हता. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं बहुतेक टिकेल, असं डॉक्टर म्हणाले.

हे बावीस वर्षं फुटबॉलचे रेफरी होते. गेली अकरा वर्षं रेफरींचे निरीक्षक आहेत. मैदानाबाहेर बसायचं, खेळाडूंकडे न बघता रेफरीकडे बघायचं, आणि त्याला गुण देऊन संघटनेला अहवाल पाठवायचा. कोण वरच्या वर्गात जाणार आणि कोण जन्मभर शाळांच्या सामन्यांत शिट्ट्या फुंकणार, हे त्या गुणांवर ठरतं. ज्याला बॉल दिसत नाही त्याने हे काम करू नये, एवढं समजायला डॉक्टर लागत नाही. मी तसं तोंडावर सांगितलं.

"मोसम संपेपर्यंत," हे म्हणाले. "सात रविवार राहिलेत."

"आणि बघणार कोण?"

"तू."

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. मैदानाचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं. रविवार माझा कपड्यांचा. चौतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशी मोजल्या, तेव्हा नजर आहे माझ्याकडे, पण एका चेंडूमागे बावीस माणसं का ऊर फुटेस्तोवर पळतात ते मला कधी कळलं नाही. मी नाही म्हटलं.

मग हे उठले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. शनिवार पूर्ण बसले. रेडिओ नाही, दाढी नाही. रविवारी जेवायला हाक मारली तर भूक नाही. तीन वेळा बोलावलं, तिन्ही वेळा तेच, आणि तेही भिंतीशी बोलल्यासारखं. हा माणूस आतून एकेक दार लावत चालला आहे, एवढं मला दिसलं. दोन वाजता मी चप्पल घातली आणि म्हटलं, "तीनला आहे ना सामना? उठा मग. आणि दाढी करा, निरीक्षक आहात."

गेलो. मला काही म्हणजे काही कळलं नाही. कालच्या अहवालात ह्यांनी काय लिहिलं ते देव जाणे आणि ते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शिकवणी सुरू. माझा बटणांचा डबा जेवणाच्या टेबलावर ओतला आहे. शर्टाची पांढरी बटणं एक संघ, कोटाची काळी दुसरा. बॉल म्हणजे मिरीचा दाणा. दोनदा खाली पडला, दोनदा मी वाकून शोधला. तिसऱ्यांदा नवा घेतला.

आजचे शब्द, माझ्या भाषेत:

थ्रो-इन. बॉल लांब बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही हातांनी, डोक्यावरून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून आत फेकायचा.

गोल किक आणि कॉर्नर. बॉल गोलच्या बाजूची रेषा ओलांडून गेला, पण गोलमध्ये नाही. शेवटचा पाय चढाई करणाऱ्याचा असेल तर गोल किक. बचाव करणाऱ्याचा असेल तर कॉर्नर. म्हणजे आपल्याच दारात आपल्याच हाताने पसारा केला की शेजाऱ्याला आत यायला निमित्त मिळतं. हे ऐकून हे हसले. शुक्रवारनंतर पहिल्यांदा.

पेनल्टी. गोलसमोरच्या मोठ्या चौकटीत बचाव करणाऱ्याने मोठी आगळीक केली की बारा यार्डांवरून एकट्या गोलकीपरसमोर मारायची किक. "त्या वेळी गोलकीपरला कसं वाटतं?" असं मी विचारलं. "सासूसमोर पहिला स्वयंपाक करताना वाटतं तसं," म्हणाले. ह्यांना कसं ठाऊक, कोण जाणे.

एक बजावलं: "रेफरीचं तोंड बघू नकोस. हात बघ. रेफरी हातांनी बोलतो." हातांच्या खुणा उद्यापासून घेणार आहेत.

८ नोव्हेंबर, शनिवार

हातांच्या खुणा राहिल्याच. बुधवारपासून रोज ऑफसाइडच चाललं आहे.

गोष्ट अवघड नाही. आपला माणूस आपल्याकडे बॉल मारतो, त्या क्षणी आपण समोरच्यांच्या अर्ध्या भागात, बॉलच्याही पुढे आणि समोरच्या संघातल्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे असू, तर ऑफसाइड. त्या क्षणी. बॉल पोचतो तेव्हा नाही, मारला जातो तेव्हा. नुसतं तिथे उभं राहणं हा गुन्हा नाही, तिथून खेळात लुडबुड केली तर गुन्हा. थ्रो-इन, कॉर्नर, गोल किक यांवर ऑफसाइड नसतं.

मला हे पहिल्याच संध्याकाळी समजलं आणि मी न चुकता म्हणून दाखवलं. तरी दुसऱ्या दिवशी, "परत एकदा मांड बरं." तिसऱ्या दिवशी परत. बटण कुठे सरकलं ते कळावं म्हणून ह्यांचा हात माझ्या हातावर असतो. तासभर चालतं. चहा गार होतो.

"अहो, कालच सांगितलं की मी हे."

"हो का? मग आणखी एकदा."

डोळ्यांबरोबर स्मरणशक्तीही उतरली की काय? पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारायला हवं.

९ नोव्हेंबर, रविवार

निरीक्षकाची जागा बाजूच्या पत्र्याच्या शेडखाली, शेवटच्या बाकावर. तिथून मी ह्यांच्या कानात सांगत होते आणि हे समोर बघत मान हलवत होते. मी जमेल तसं सांगितलं. निळ्यांच्या केसाळ माणसाला धक्का लागला, तर तो बाळंतपणाला आल्यासारखा विव्हळला, आणि रेफरीने लक्ष दिलं नाही म्हटल्यावर उठून टणाटण पळाला, असं म्हटलं. ह्यांना रुमालात तोंड लपवावं लागलं.

मध्यंतरात चहावाला म्हणाला, "काय काकू, या वयात चारचौघांत गुलुगुलु?"

मी म्हटलं, "दोन चहा. एकात साखर कमी."

हे मध्येच भलतंच विचारतात. आकाश कसं आहे. समोरच्या झाडावर काही बसलंय का. मी कोणती साडी नेसले आहे. म्हटलं, अहवालात साडीचा रकाना आहे का? तर म्हणाले, "मैदानाची सगळी स्थिती लिहावी लागते." असेल. मी सांगितलं: करडी, काठ जुना.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लेक न सांगता आली. आम्ही टेबलावर बटणं घेऊन बसलो होतो. माझा एक पांढरा बचाववाला चुकून काळ्यांच्या गोलमध्ये गेला होता आणि हे म्हणत होते, "असं केलंस तर तुला मी बसवणारच नाही संघात." मी म्हणत होते, "बसवू नका, माझे कपडे वाळत पडलेत." तेवढ्यात दारात ही. बराच वेळ तशीच उभी होती बहुतेक. डोळे पुसत होती. मी सुंठेचा काढा करून दिला, हल्ली सर्दीची साथच आहे.

जाताना जिन्यात म्हणाली, "आई, बाबांना किती दिसतं?"

"माझ्याएवढं," मी म्हटलं. खोटं नाही बोलले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज रेफरी बाई होती. इथल्या टपाल कार्यालयात पत्रं वाटते, म्हणून सगळे तिला टपालवाली म्हणतात. घट्ट वेणी, पोटऱ्या लाकडासारख्या. दिवसभर चालायची सवय दिसतेच. हे म्हणाले, जानेवारीत तिला तीस पूर्ण होतात. वरच्या वर्गात जायची अट तिशीच्या आतली. तीन अहवालांपैकी दोन चांगले झाले आहेत. हा तिसरा.

छान चालला होता सामना. मला आता बघता येतं असं वाटलं. उत्तरार्धात मध्यरेषेजवळ निळ्यांच्या मुलाच्या गुडघ्यावर बूट बसला आणि तो कोसळला. बॉल तोवर दुसऱ्या निळ्याकडे गेला होता. हे माझ्याकडे वळले.

"आवाज कसला? फाउल?"

"फाउल. गुडघ्यावर."

"कुणी केला?"

"नंबर नाही दिसला."

"रेफरीने काय केलं?"

"काही नाही."

"हात?"

"नाही."

खेळ पुढे गेला, बॉल लालांच्या कुणाला तरी लागून बाहेर गेला, कॉर्नर. तेव्हा टपालवाली माघारी पळत अर्धं मैदान ओलांडून गेली आणि लालांच्या आठ नंबरला पिवळं कार्ड दाखवून आली. मी तेही सांगितलं. कशाबद्दल ते मला कळलं नाही असंही सांगितलं. हे नुसतं "हं" म्हणाले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अहवाल ह्यांनी सांगितला, मी लिहिला. "मध्यरेषेजवळील स्पष्ट फाउलवर रेफरींनी निर्णय दिला नाही, हाताची खूणही केली नाही. त्यानंतर कारण स्पष्ट न होता एक कार्ड." पासष्ट गुण. वरच्या वर्गाला सत्तर लागतात.

लिहिताना मी थांबले. "गेली का हो ही मग?"

"गेली." बराच वेळ हे पेनाच्या टोपणाशी खेळत होते. "चांगली आहे. तिने असं कसं केलं? तू नीट पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"तू नाही म्हणालीस म्हणजे नाहीच," म्हणाले आणि खाली सही केली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आल्या आल्या वही काढली, चपला अजून पायात आहेत.

आजचा रेफरी टकला, पोक्त माणूस. विसाव्या मिनिटाला एकाला पाडलं, बॉल त्याच्याच जोडीदाराकडे गेला, आणि रेफरीने दोन्ही हात समोर झोकून दिले, "या, बसा" म्हटल्यासारखे. शिट्टी नाही. मी तसं सांगितलं.

"अ‍ॅडव्हान्टेज," हे म्हणाले. "तुला नाही का शिकवलं? राहिलंच वाटतं. म्हणजे फाउल त्याने पाहिलाय. पण आत्ता शिट्टी मारली तर ज्याला पाडलं त्याच्याच संघाची चाल मोडेल. म्हणून चालू दे म्हणायचं. पाडणाऱ्याला सोडलेलं नसतं. कार्ड द्यायचं असेल तर बॉल थांबला की परत जाऊन द्यायचं."

परत जाऊन.

मी विचारलं, "आणि हात पुढे करतात ते किती वेळ?"

"दोन क्षण. ज्याचं लक्ष असेल त्यालाच दिसतं."

माझं लक्ष कुठे होतं? त्या मुलाच्या गुडघ्याकडे. इस्पितळातल्या सवयीने मी वाटी सरकली का ते बघत होते. रेफरीकडे मी पाहिलंच नव्हतं. आणि ह्यांनी विचारल्यावर मी "बघितलं नाही" म्हटलं नाही. "नाही" म्हटलं.

उरलेला सामना ह्यांना काय सांगितलं ते आठवत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

प्रयोगशाळेत नवी मुलगी कामाला आली की पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगत असे. सूक्ष्मदर्शकाखालची काच पूर्ण न बघता "आढळले नाही" असं लिहिलंस तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस. एकीला खरंच घरी पाठवलं होतं. ती रडली होती आणि मला दया आली नव्हती.

कदाचित टपालवालीने हात पुढे केलेही नसतील. कदाचित मी म्हटलं ते योगायोगाने खरं असेल. दिवसभर मी याच कदाचितला धरून बसले आहे. भात करपला.

ह्यांना सांगितलं तर अहवाल बदलायला हवा. अहवाल बदलायचा तर कसा चुकला ते सांगायला हवं. ते सांगितलं की डोळ्यांचं बाहेर पडणार, रविवार गेला, आणि हे परत खिडकीशी. न सांगितलं तर एका मुलीचं आयुष्यभराचं काम माझ्या एका शब्दाने अडलं. तराजूत दोन्हीकडे माणसंच आहेत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

टपाल कार्यालयात गेले. मागच्या खोलीत भिंतभर खण आहेत, त्यांत ती उभ्याने पत्रं लावत होती. हात इतके भराभर चालत होते की मी क्षणभर बघतच राहिले. मला पाहून ओशाळली.

"काकू, सरांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. मला एक सांग. त्या रविवारी गुडघ्यावर फाउल झाला, तेव्हा तू हात पुढे केले होतेस?"

"केले होते. दोन्ही. 'चालू द्या' असं ओरडलेही." मग मान खाली घालून म्हणाली, "पण अहवालाची प्रत आली. सरांना दिसली नाही म्हणजे माझी खूणच दिसण्यासारखी नसणार. सर असल्या बाबतीत चुकत नाहीत. हात अर्धवटच वर गेले असतील. आता रोज सकाळी पत्र्याच्या कपाटासमोर उभी राहून वीस वेळा करते. आमचे हेडसाहेब विचारतात, कुणाला मिठी मारतेस गं."

"आता कशाला करतेस? तिशी तर आली."

"शाळांचे सामने आहेत की," ती म्हणाली. "पोरांनाही नीट दिसायला हवं."

तिथेच सांगायला हवं होतं. लबाडी माझ्या एकटीची असती तर त्या खणांसमोर ओतून मोकळी झाले असते. "तुझं काम कर," एवढंच म्हटलं आणि निघाले. ती मागून म्हणाली, "सरांना माझा नमस्कार सांगा."

२६ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. नमस्कारासकट सगळं.

हे म्हणाले, "कुठे बघत होतीस?"

"गुडघ्याकडे."

"मग 'बघितलं नाही' असं का नाही म्हणालीस? मी रागावलो असतो का?"

"नाही."

"मग?"

खरं ते सांगितलं. "तुम्ही विचारताना माझ्याकडे असे वळता, की माझ्याकडे सगळं असेलच. रिकामे हात दाखवायला जड गेलं."

हे उठले आणि खिडकीशी जाऊन बसले. जेवले नाहीत. मीही नाही. दोघांचं झाकून ठेवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल नोंद नाही. ह्यांची खुर्ची कालही खिडकीशीच.

आज चार वाजता खिडकीकडून हाक आली. "अगं, बटणं आण."

मला वाटलं, पुन्हा ऑफसाइड. पण ह्यांनी त्या दिवशीचा तो प्रसंग मांडायला सांगितला. निळा कुठे पडला, बॉल कुठे गेला, लाल किती मागे होते. मी आठवून एकेक बटण ठेवलं आणि ह्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. एकदा, दोनदा. पुढे निळ्याला चाळीस यार्ड मोकळं होतं.

"मी असतो तर शिट्टी मारली असती," हे म्हणाले. "गुडघा बघून मी घाबरलो असतो आणि मारली असती. तिने मान वर ठेवली. बावीस वर्षांत मला जमलं नाही ते पोरीने केलं, आणि मी तिला पासष्ट दिले."

"मी दिले."

"सही माझी आहे. तू आपला निम्मा वाटा धरून बस, पण माझ्यात हात घालू नकोस." मग म्हणाले, "कागद घे."

सांगितलेलं लिहून घेतलं. डोळ्यांचं पहिल्याच वाक्यात. ऑगस्टपासूनचे सगळे अहवाल बाजूला ठेवावेत असं दुसऱ्यात. मी म्हटलं, ऑगस्टमध्ये तर थोडं दिसत होतं ना? "थोडं," म्हणाले. "थोड्यावर गुण देत नाहीत."

तिसरं वाक्य मी माझ्या मनाने घातलं आणि वाचून दाखवलं. "१६ नोव्हेंबरच्या सामन्यात मी रेफरींकडे पाहिले नव्हते, तरी त्यांनी खूण केली नाही असे सांगितले. ते सांगणे खोटे होते." खाली माझी सही. हे शेजारच्या खुर्चीत येऊन बसले, खिडकीची खुर्ची रिकामी ठेवून.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पत्र सकाळी माझ्या हाताने पोचवलं, तर अकराला संघटनेचे सेक्रेटरी स्वतः घरी हजर. ह्यांचे जुने स्नेही, बोलताना सारखे घड्याळ बघतात.

"अहो, कसलं पत्र हे," म्हणाले. "वहिनी, तुम्ही तरी समजवायचं. लिहिताना चूक झाली म्हणू. आकडा उलटा पडला. पासष्टऐवजी पंच्याहत्तर. पोरीचं काम होतं, ह्यांचा मोसम पुरा होतो, आणि जानेवारीत आपण हार घालून निरोप देतो. डोळ्यांचं कुणाला कशाला?"

मला मोह झाला नाही असं लिहिलं तर ही वहीही खोटी होईल. तीनच रविवार उरले होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

हे म्हणाले, "तुम्ही पाहिला होता तो सामना?"

"नाही, मी कुठे?"

"मीही नाही. मग पंच्याहत्तर कुणी दिले?"

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, नवा निरीक्षक नेमावा लागेल. १४ डिसेंबरला तिला पुन्हा एक सामना देता येईल. "पण तुमच्याबद्दल लोक बोलतील."

"बोलू द्या," हे म्हणाले. "ऐकू चांगलं येतं मला."

दोन वाजता मी पुन्हा टपाल कार्यालयात गेले आणि जे मंगळवारी बोलायचं राहिलं होतं ते बोलले. टपालवालीने सगळं ऐकून घेतलं. रागावेल असं वाटलं होतं, रागवायला हवंच होतं. तिने विचारलं, "सरांना कधीपासून दिसत नाही?" आणि मग एका खणात भलतंच पत्र टाकून ते परत काढलं.

३० नोव्हेंबर, रविवार

मैदान नाही. पहिला मोकळा रविवार. मी धसका घेतला होता. तीन वाजायला आले तशी कपड्यांची बादली घेऊन मागच्या गॅलरीत गेले, म्हटलं डोळ्यांसमोर नको बघायला. पाच मिनिटांत हे मागून आले. स्टूल ओढून बसले.

"सांग, काय चाललंय."

"काय चालणार? कपडे वाळत घालतेय."

"कुणाचे? कुठे कोण आहे?"

मी सांगितलं. डावीकडे माझ्या दोन साड्या, पसरून. मध्ये टॉवेल, भरवशाचा, हलत नाही. उजव्या टोकाला तुमचा पांढरा शर्ट, सगळ्यांच्या पुढे, एकटाच.

"बॉल कुणाकडे आहे?"

"चिमटा माझ्याकडे आहे."

"म्हणजे शर्ट ऑफसाइड."

"नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही," मी म्हटलं. "खेळात लुडबुड केली तर."

ते इतके हसले की खालच्या मजल्यावरची बाई डोकावली. मोजे वाळत घालेपर्यंत तासभर तिथेच होते. स्मरणशक्ती तशी ठीक दिसते. डॉक्टरांना विचारायची घाई नको.

१४ डिसेंबर, रविवार

तिकिटं काढून उन्हाच्या बाजूला बसलो. पलीकडे शेडखाली नवा निरीक्षक. आता लपवायचं नाही म्हणून मी मोठ्याने सांगत होते. पुढच्या बाकावरचे दोघे आधी वैतागले, मग खेळ सोडून माझंच ऐकायला लागले. एकाने तर मागे वळून विचारलं, "काकू, कॉर्नर का दिला?" मी पसाऱ्याचं आणि शेजाऱ्याचं सांगितलं.

टपालवालीवरून मी नजर काढली नाही. कोण पडलं, कुणाला लागलं, मेलं की जगलं, मला ठाऊक नाही. सत्तराव्या मिनिटाला तिने हात पुढे केले. खांद्यापासून बोटांपर्यंत, सरळ.

"अ‍ॅडव्हान्टेज," मी म्हटलं. "दोन्ही हात."

ह्यांनी काही विचारलं नाही. फक्त मान डोलावली. नंतर एकदा म्हणाले, "साडी?" मी सांगितलं. हिरवी, नवी. इथे मैदानाच्या स्थितीचा अहवाल कुणाला द्यायचा नव्हता, तरी का विचारलं, ते लक्षात आलं नाही. बरं वाटलं एवढं खरं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

संघटनेच्या कार्यालयात गेलो. लेक सोबत आली होती, बाहेर थांबली. तिला आता सगळं माहीत आहे. ती म्हणते तिला आधीच माहीत होतं.

सेक्रेटरींनी नव्या निरीक्षकाचा अहवाल वाचून दाखवला. एकोणऐंशी. "खूण लांबूनही स्पष्ट दिसते" असं एक वाक्य होतं. ह्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. वरच्या वर्गातला तिचा पहिला सामना फेब्रुवारीत. ऑगस्टपासूनच्या इतर रेफरींचीही फेरतपासणी होणार आहे. त्यांतले दोघं चिडले आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. ह्यांनी त्यांचे पत्ते मागून घेतले. उद्या पत्रं लिहायला बसू. सांगणार हे, लिहिणार मी.

हाराचा विषय निघाला नाही. सेक्रेटरी दारापर्यंत आले आणि घड्याळ न बघता उभे राहिले.

सुपूर्द केलं ते असं. निरीक्षकाचं ओळखपत्र एक. कोरे अहवाल अकरा. मैदानाच्या मागच्या फाटकाची किल्ली एक. संघटनेचं स्टॉपवॉच एक, चालू स्थितीत. नियमांचं पुस्तक एक, पानांच्या कडेला ह्यांच्या अक्षरात नोंदी, त्या खोडायला नको असं सेक्रेटरी म्हणाले. पोच मिळाली. सहीची जागा मी ह्यांच्या बोटाला दाखवली. खाली साक्षीदाराची ओळ होती, तिथे मी सही केली.